लेथवरचा दिवा: टर्नर आणि वायरमन यांचा संवाद

लेथवरच्या दिव्याची कामे तीन. हत्याराचे टोक जॉबला जिथे भिडते ती जागा स्पष्ट दाखवणे, फिरणारी वस्तू फिरते आहे याबद्दल डोळ्याला फसू न देणे, आणि स्वतः शॉकचे, आगीचे किंवा डोळे दिपण्याचे कारण न होणे. दिवा घेणारा बहुधा पहिल्याच कामाचा विचार करतो, आणि तोही किती वॅटचा एवढ्यापुरता. घरच्या वर्कशॉपमध्ये बाकीची दोन कामे विसरणे महागात पडते, कारण तिथे वायरिंग घरगुती असते, तपासायला कोणी येत नाही आणि लेथशेजारी घरातले सामान रचलेले असते. १९४८च्या कारखाना कायद्याच्या १७व्या कलमाने पुरेसा उजेड देणे, चमक टाळणे आणि डोळ्यांना ताण किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू न देणे ही मालकाची जबाबदारी ठरवली. पडवीतला एकटा लेथ कारखाना ठरत नाही. तरी कलमातल्या तिन्ही अपेक्षा तिथेही जशाच्या तशा लागू पडतात.

आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात घरच्या लेथवर येणारे काम साधारण ठरलेले असते: पंपाचे शाफ्ट आणि बुश, ट्रॅक्टरच्या पिना, कल्टिव्हेटरचे तुटलेले बोल्ट, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६पर्यंत याच जिल्ह्यात होते. मधे राज्याची सीमा आली, पण पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना कामाची रीत फारशी वेगळी नाही. लेथ बहुधा राजकोट किंवा बटाला बनावटीचा, पट्ट्यावर चालणारा, पायरीपुलीचा, बॅकगिअर असलेला. वर टिनाचे छत, छताला तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब, आणि हेडस्टॉकवर कधीकाळी बसवलेला १२ व्होल्टचा, ५० वॅटचा हॅलोजन.

अशा लेथसाठी दिवा घ्यायचा म्हटले की दोन मते समोर येतात. एक जुन्या टर्नरचे, ज्याला तारेच्या दिव्याचा उजेड सवयीचा आणि विश्वासाचा आहे. दुसरे तरुण वायरमनचे, ज्याला एलईडीशिवाय दुसरे काही बसवावेसे वाटत नाही. पुढच्या संवादात ही दोन मते त्या दोघांच्याच तोंडी ठेवली आहेत.

टर्नर: चांगला चालणारा दिवा काहून काढायचा? उजेड भरपूर आहे, जॉब स्वच्छ दिसतो. एलईडी लावला की सगळे पांढरेफटक होते आणि डोळे दुखतात.

वायरमन: काका, उजेडाबद्दल तक्रार नाही. तक्रार उष्णतेबद्दल आहे. ५० वॅटपैकी उजेड होतो तो थोडासाच, बाकीची सगळी उष्णता. तेवढाच उजेड ६ ते ८ वॅटच्या एलईडीतून मिळतो. वर्षभरात बिल किती वाचेल बघा.

टर्नर: बिलाचे नको सांगू. दिवसाला चार तास दिवा लागला तर हॅलोजनला ०.२ युनिट जाते. महिन्याचे पाच युनिट. तेवढ्यासाठी कोण दिवा बदलतो?

इथे टर्नरचे म्हणणे बरोबर आहे. एका लेथच्या दिव्यापुरती वीजबचत ही जाहिरातीतली बाब आहे, निवडीचे कारण नव्हे. दिवसभर दोनशे दिवे जळणाऱ्या कारखान्याचे गणित वेगळे असते. घरच्या लेथवर वाद खरा होतो तो लुकलुकण्यावरून.

टर्नर: माझा मुद्दा ऐक. ट्यूबखाली चक फिरता फिरता थांबल्यासारखा दिसतो हे तूही पाहिले असशील. हॅलोजनखाली तसे कधी होत नाही. तार तापलेली असते, ती क्षणात विझत नाही. तुझ्या एलईडीचे काय?

वायरमन: स्वस्त एलईडी असेल तर ट्यूबपेक्षाही वाईट, हे मी आधीच कबूल करतो.

या कबुलीमागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडचा वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शिगेला जातो आणि दोनदा शून्यावर येतो. म्हणून थेट त्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा मंदावतो आणि उजळतो. तारेच्या दिव्यात तापलेली तार मधल्या क्षणात फारशी निवत नाही, त्यामुळे उजेड जवळजवळ एकसारखा राहतो. १२ व्होल्टच्या हॅलोजनची तार जाड असते, म्हणून त्यात हा चढउतार आणखी कमी. तांब्याच्या चोकची ट्यूब पूर्ण विझत नाही, पण चांगलीच मंदावते. एलईडीला मात्र तारेसारखी उष्णतेची साठवण नसते. आत सपाट करणारा कपॅसिटर नसला किंवा अपुरा असला तर तो प्रत्येक वेळी जवळजवळ पूर्ण विझतो.

फिरणारी वस्तू एका लुकलुकीपासून दुसऱ्या लुकलुकीपर्यंत नेमकी आधीसारख्याच दिसणाऱ्या जागी पोहोचली, तर डोळ्याला ती थांबलेली वाटते. हिशेब सोपा आहे. ६,००० ला वस्तूवरच्या सारख्या भागांच्या संख्येने भागले की फसवा वेग मिळतो. तीन जॉच्या चकसाठी तो मिनिटाला २,००० फेरे, चार जॉच्या चकसाठी १,५००, सहाकोनी सळईसाठी १,०००. नेमका हाच वेग असला पाहिजे असेही नाही. चार आऱ्यांची पुली १,४४० फेऱ्यांनी फिरत असेल तर ती मिनिटाला ६० फेऱ्यांच्या सावकाश गतीने उलटी फिरताना दिसते, आणि १,४४० हा चार पोलच्या साध्या इंडक्शन मोटरचा पूर्ण भारावरचा नेहमीचा वेग आहे.

टर्नर: हे सगळे आकडे मोठ्या वेगाचे झाले. माझा लेथ पाचशेच्या वर जात नाही. जाड शाफ्ट तर मी शंभर-दीडशेवरच घेतो. मला काय त्याचे?

वायरमन: चकपुरते खरे आहे. पण काका, हेडस्टॉकच्या टोकाला बदली गिअर आहेत ना? चाळीस दात्यांच्या गिअरसाठी तोच हिशेब करा. ६,००० भागिले ४०, म्हणजे १५०. तुमचा जाड शाफ्टचा वेग नेमका तिथेच येतो. साठ दात्यांचा गिअर १०० फेऱ्यांना थांबलेला दिसतो. आणि त्यावरचे झाकण कुठे आहे?

टर्नर: झाकण कोपऱ्यात आहे. दर वेळी आटे पाडायला गिअर बदलावे लागतात, म्हणून काढून ठेवले आहे.

वायरमन: मग तुमच्या लेथवर फसवा भाग चक नाही, तो उघडा गिअर आहे. त्याच्यावर उजेड पडतो तो वरच्या ट्यूबचा.

ही बाब लेथच्या पुस्तकांत बहुधा चकच्या संदर्भात एका ओळीत उरकलेली असते. सावकाश चालणाऱ्या जुन्या पट्टेवाल्या लेथवर खरा धोका दात्यांच्या चाकांपाशी असतो, कारण दाते जितके जास्त तितका फसवा वेग कमी. गिअरवर झाकण बसवणे हा यावरचा पहिला उपाय, दिवा हा दुसरा. लाकडाच्या लेथची गोष्ट उलटी. तो हजार-दोन हजार फेऱ्यांवर सहज चालतो, म्हणून तिथे चक आणि चौकोनी ओंडका हेच फसवतात. चौकोनी ओंडक्याला चार सारख्या कडा असल्यामुळे त्याचाही फसवा वेग १,५०० पडतो, आणि ओंडका गोल करेपर्यंत सर्वांत जास्त मार त्याच कडांचा लागतो.

टर्नर: म्हणजे हॅलोजन ठेवावा हेच सिद्ध झाले.

वायरमन: लुकलुकणारा दिवा नको, एवढेच सिद्ध झाले. एलईडी थेट २३० व्होल्टच्या एसीवर न लावता चांगल्या एसएमपीएसमधून निघणाऱ्या २४ व्होल्ट डीसीवर लावला, तर तोही लुकलुकत नाही. डीसी शून्यावर येतच नाही.

टर्नर: ते दुकानात कसे कळायचे? डब्यावर तर सगळेच लिहितात.

वायरमन: पेन्सिल घ्या, दिवा लावा, उजेडात पेन्सिल भराभर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला. पंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा परत करा. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर त्यातही पट्टे सरकताना दिसतात.

पेन्सिलची ही चाचणी दुकानदाराच्या समोर करता येते आणि तिला काही खर्च नाही. ती करताना आसपासची ट्यूब बंद असावी, नाहीतर दोष ट्यूबचा आणि आरोप दिव्यावर असे होते. मंद-तेज करण्याची सोय असलेला दिवा पूर्ण तेजाबरोबर मंद करूनही तपासावा. कित्येक दिवे पूर्ण तेजावर ठीक असतात आणि मंद केले की लुकलुकू लागतात, कारण त्यांतली मंद करण्याची रीतच दिवा चालू-बंद करण्याची असते.

लुकलुकण्याचा मुद्दा असा निकाली निघाला की टर्नरच्या बाजूने उरतो तो उजेडाचा दर्जा, आणि इथे वायरमनला थोडे मागे यावे लागते.

टर्नर: पाणी दिलेल्या छिन्नीचा रंग मला दिव्याखाली ओळखावा लागतो. पिवळट झाली की काढायची. जरा उशीर झाला की निळी होते, मग धार टिकत नाही. तुझ्या पांढऱ्या उजेडात सगळेच निळसर दिसते.

वायरमन: हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात पिवळा रंग उशिरा कळतो, हेही तितकेच खरे. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. बाजारात स्वस्तात मिळतो तो ६,५०० केल्व्हिनचा, आणि त्यात रंग नीट उठत नाहीत.

पोलाद तापवताना पृष्ठभागावर येणारा पिवळट रंग सुमारे २२० ते २४० अंश सेल्सिअसला दिसतो आणि निळा सुमारे ३०० अंशांना. हा फरक ओळखायला दिव्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे डब्यावर सीआरआय किंवा आरए म्हणून छापलेला आकडा, ९० किंवा त्याहून वर असावा. १०० ही कमाल असते आणि तारेचे दिवे तिच्या जवळ असतात. रंगछटा ४,००० केल्व्हिनच्या आसपासची घेतली तर ती फार पिवळी पडत नाही, फार निळसरही नाही. कार्बाइडच्या टिपने घेतलेला कीस निळा पडतो आहे की नाही, पितळ आहे की गनमेटल, गंज आहे की तेलाचा डाग, हे सगळे याच गुणावर कळते. ज्याचे काम फक्त शाफ्ट आणि बुशपुरते आहे त्याला ८० सीआरआयचा दिवाही पुरतो. आदिलाबादच्या पावसाळ्यात निळसर उजेडावर किडे जास्त जमतात आणि तेलकट बेडवर पडतात, एवढा एक जास्तीचा तोटा त्याच्या विरुद्ध मांडता येईल.

उजेड किती हवा याचे उत्तर वॅटमध्ये शोधू नये. यंत्रकामाला जॉबवर साधारण ३०० ते ७५० लक्स उजेड धरला जातो. व्हर्नियरवरचे ०.०२ मिलिमीटर वाचायचे असेल तर त्याहून जास्त असलेला बरा, आणि साठीच्या डोळ्यांना विशीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त लागतो. लक्स ठरतो तो दिव्याच्या ल्युमेनवर, उजेडाच्या शंकूवर आणि अंतरावर. ४०० ल्युमेनचा दिवा ६० अंशांच्या शंकूत उजेड टाकत असेल तर एक मीटरवर सुमारे ४७५ लक्स पडतात आणि अर्ध्या मीटरवर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे १,९००. त्यामुळे ४०० ते ५०० ल्युमेनचा दिवा जवळ आणता आला तर पुरेसा आहे. दोन हजार ल्युमेनचा फ्लडलाइट भिंतीवर लावण्यापेक्षा तो बरा, कारण फ्लडलाइटमुळे घासून चकाकणारा शाफ्ट आरशासारखा थेट डोळ्यांत चमकतो.

वायरमन: आता विजेचे बोला. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की तुमचा दिवा लालसर होतो की नाही?

टर्नर: होतो. मग मी काम थांबवतो.

वायरमन: दिवा थांबवतो तुम्हाला, काम नव्हे. एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतो आणि उजेड तसाच राहतो.

तेलंगणात १ जानेवारी २०१८पासून शेतीपंपांना चोवीस तास वीज मिळू लागली. पंपांचा भार कोणत्या तासाला येईल हे त्यामुळे सांगता येत नाही, आणि गावाच्या टोकाच्या तारेवर व्होल्टेज पडते ते कधीही पडते. तारेच्या दिव्याला हे फार लागते. व्होल्टेज १० टक्के पडले तर त्याचा उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. २३०चे १८४ झाले, म्हणजे २० टक्के पडले, तर उजेड निम्म्याहूनही कमी उरतो. जोडीला तारेतली घट असते. १२ व्होल्टचा ५० वॅटचा दिवा ४ अँपिअरहून जास्त प्रवाह घेतो. ट्रान्सफॉर्मर पाच मीटर दूर ठेवून ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर वायरीतच जवळजवळ १ व्होल्ट जातो आणि उजेडाचा चौथा हिस्सा त्याच्याबरोबर. २४ व्होल्टचा ६ वॅटचा एलईडी फक्त पाव अँपिअर घेतो. त्याच वायरीत त्याची घट नगण्य.

कमी व्होल्टेजचा दिवा लेथवर लावण्याची पद्धत एलईडीच्या खूप आधीची आहे. कारखान्यांत यंत्रांवरचे दिवे २४ किंवा ३६ व्होल्टचे असत ते शॉकच्या भीतीने. लेथवर कूलंट उडतो, धारदार कीस वायरीवर पडून आवरण कापतो, माणसाचा ओला हात लोखंडी बेडवर असतो. २३० व्होल्टची वायर तिथे कापली गेली तर संपूर्ण लेथ जिवंत होऊ शकतो. म्हणून २४ व्होल्ट, आणि तेही दोन वेगळ्या वेटोळ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा मुख्य विजेपासून पूर्ण अलग केलेल्या एसएमपीएसमधून. एकाच वेटोळ्याचा ऑटोट्रान्सफॉर्मर किंवा पंख्याचा रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो, पण माणसाला वाचवत नाही. या एका मुद्द्यावर टर्नर आणि वायरमन यांच्यात मतभेद नाही. लेथचा सांगाडा अर्थ केलेला असावा आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, यावरही नाही.

वायरमनचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र अजून यायचा आहे.

वायरमन: दिवाळीनंतर या पडवीत काय असते?

टर्नर: कापूस. भाव चढेपर्यंत कापूस घरीच असतो. सगळ्यांच्याच घरी असतो.

वायरमन: आणि हॅलोजनची काच किती तापते?

हॅलोजनचे आतले चक्र चालायला काचेची भिंत २५० अंश सेल्सिअसहून जास्त तापलेली असावी लागते. म्हणजे तो दिवा बिघडला म्हणून तापत नाही, नीट चालतो तेव्हाच तेवढा तापतो. त्या काचेवर कूलंटचा थेंब उडाला तर ती तडकू शकते आणि तप्त काच खाली पडते. खाली तेलकट कीस असतो आणि काही हातांवर कापसाचा ढीग. कापसाचे तंतू हवेत उडत राहतात, टिनाखालच्या तुळईवर आणि दिव्याच्या टोपीवर साचतात. जिनिंगमध्ये आग लागते ती अशाच साचलेल्या तंतूंवरून पसरते हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. ज्या घरात नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कापूस साठवला जातो, तिथे उघडा हॅलोजन लेथवर असणे हे त्या दिव्याच्या बाकी सगळ्या गुणांवर पाणी फिरवते. लाकडाच्या लेथवर भुशाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

टर्नर: आगीचे पटले. पण मलाही एक विचारायचे आहे. मे महिन्यात या टिनाखाली उभे राहवत नाही. शेजारच्या दुकानातले एलईडी बल्ब दोन उन्हाळ्यांत गेले. माझा हॅलोजन त्याच्या आधीपासून आहे.

वायरमन: बल्ब गेले म्हणजे आतला ड्रायव्हर गेला. एलईडीचा दाणा सहसा जात नाही.

हा प्रश्न योग्य आहे, पण उत्तर अर्धेच झाले. आदिलाबादला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तापलेल्या टिनाखाली हवा त्याहून गरम असते. एलईडीच्या ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. ज्या बल्बमध्ये ड्रायव्हर दिव्याच्या टोपीतच कोंबलेला असतो, तो म्हणूनच लवकर जातो. लेथसाठी दिवा घेताना ड्रायव्हर वेगळा असलेलाच घ्यावा आणि तो छतापासून दूर, भिंतीच्या खालच्या अंगाला, सावलीत, हवा खेळती राहील अशा डबीत बसवावा. दिव्याच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचे पंखे किंवा जाड टोपी असावी. हात लावून धरवत नाही इतकी ती तापत असेल तर तो दिवा जास्त दिवस चालणार नाही.

ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्टचा एलईडी वर्कलाइट हा इथला एक उपयोगी पर्याय आहे. तो पाण्याधुळीसाठी बंदिस्त असतो, मागची टोपी ॲल्युमिनियमची असते आणि तो थेट बॅटरीवर चालतो. वीज गेली तरी तो चालू राहतो, आणि लेथवर ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. वीज जाते त्या क्षणी चक लगेच थांबत नाही. जड चक आणि पुली काही वेळ फिरत राहतात, आणि नेमके तेव्हाच अंधार होतो. या दिव्याचा दोष म्हणजे त्याचा झोत शेतात दूर टाकण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्यावर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लावल्याशिवाय तो लेथवर वापरू नये. सीआरआयही बहुधा कमीच असतो. डबा बघून घेताना धूळ-पाण्याच्या संरक्षणाचा आयपी ६५ किंवा त्याहून वरचा आकडा असला म्हणजे कूलंटची चिंता राहत नाही.

जागेच्या बाबतीत मात्र टर्नरचे ऐकावे.

वायरमन: चुंबकाच्या पायाचा दिवा घेतला की झाले. हवा तिथे चिकटवा.

टर्नर: चुंबकाच्या पायाला दिवसभरात लोखंडाच्या किसाची दाढी येते, आणि लेथ थरथरला की पाय हळूहळू सरकतो. चकच्या वर लावलेला असा दिवा एक दिवस चकमध्ये येतो. दिवा बोल्टने बसवायचा. आणि हेडस्टॉकवर, डाव्या बाजूने, जॉबच्या वरून.

त्याचे कारण असे. टर्नर लेथच्या पुढे उभा असतो, त्याच्या मागच्या बाजूची ट्यूब त्याचीच सावली जॉबवर टाकते. उजवा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर असतो, म्हणून उजवीकडून येणारा उजेड हाताने अडतो. डावीकडून आणि थोडा पुढून येणारा उजेड हत्याराच्या टोकावर मोकळा पडतो. तोच उजेड जॉबच्या पृष्ठभागावर तिरका आणला तर हत्याराच्या प्रत्येक खुणेची बारीक सावली पडते आणि फिनिश कसा आला आहे हे बोट न लावता कळते. सॅडलवर बसवलेला दिवा हत्याराबरोबर सरकतो, लांब शाफ्टसाठी तो फार सोयीचा; पण वायरीचा फास चक किंवा लीडस्क्रूकडे जाणार नाही अशी व्यवस्था करता येत नसेल तर तो मोह टाळावा. बोअरिंगच्या वेळी या दोन्ही जागा निकामी ठरतात. छिद्रात पाहायला टेलस्टॉकच्या बाजूने, जवळजवळ अक्षाच्या रेषेत उजेड लागतो, आणि त्यासाठी लवचिक नळीचा दोन-तीन वॅटचा छोटा दिवा वेगळा ठेवणे सर्वांत सोपे.

स्प्रिंगच्या हाताचा दिवा, जो आज टेबलावर सर्रास दिसतो, तो ब्रिटनमध्ये जॉर्ज कारवर्डिन या मोटारींचे सस्पेन्शन बनवणाऱ्या अभियंत्याने १९३२मध्ये पेटंट केला. हलवला तिथे थांबतो हा त्याचा गुण. लेथवर तो चालतो, पण स्प्रिंगा उघड्या असल्यामुळे किसाने भरतात आणि काही महिन्यांत हात खाली झुकू लागतो. लोखंडी वेटोळ्याच्या लवचिक नळीवर दिव्याचे डोके जड असेल तर तीही थरथरते. हलक्या एलईडीचा इथे हॅलोजनपेक्षा फायदाच होतो, आणि टर्नरलाही हे मान्य व्हायला हरकत नाही.

छताची ट्यूब काढून टाकावी असे यातून निघत नाही. फक्त जॉबवर प्रखर उजेड आणि आजूबाजूला काळोख असेल तर डोळा सारखा जुळवून घेत राहतो आणि थकतो. भोवतालचा उजेड जॉबवरच्या उजेडाच्या निदान एकतृतीयांश असावा. ट्यूब बेडला समांतर, टर्नरच्या डोक्याच्या किंचित पुढे सरकवावी आणि तांब्याच्या चोकऐवजी इलेक्ट्रॉनिक चोक किंवा पेन्सिलच्या चाचणीत उतरलेली एलईडी ट्यूब लावावी. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो आवर्तनांवर चालतो, त्यामुळे १०० वेळा मंदावण्याचा त्रास बराच कमी होतो. तीन फेजवर तीन ट्यूब वाटून लावण्याची कारखान्यांतली जुनी युक्ती एक फेजच्या घरात शक्य नाही.

दिव्याचे बटण लेथच्या मोटरच्या बटणापासून वेगळे असावे. मोटर बंद करताना दिवा जाऊ नये. हॅलोजन ठेवायचाच असेल तर पुढे काच असलेल्या बंद टोपीत, कूलंटच्या उडीपासून दूर, आणि घरात कापूस असेपर्यंत अजिबात नाही. नव्याने घेणाऱ्याने २४ व्होल्ट डीसीवरचा, ६ ते १० वॅटचा, दुधी काचेचा, वेगळ्या ड्रायव्हरचा एलईडी घ्यावा आणि तो हेडस्टॉकवर डावीकडे बोल्टने बसवावा. त्याच्या आधी बदली गिअरचे झाकण कोपऱ्यातून काढून जागेवर लावावे.